घरातला कापूस आणि फंडातली युनिटे

खानदेशात विकाऊ मालाच्या तीन जाती आहेत आणि त्या तिन्हींविषयी इथल्या माणसाच्या मनात तीन निरनिराळे कायदे आहेत. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचा घड एकदा कापला की तो ट्रकमध्ये किंवा रेल्वेच्या वाघिणीत पडलाच पाहिजे; भाव उतरला म्हणून कापलेला घड घरी ठेवून घेणारा शेतकरी अद्याप जन्माला यावयाचा आहे. सोन्याचे याच्या अगदी उलट. जळगावच्या सराफ बाजारातून जे एकदा घरात आले ते लग्नकार्याखेरीज अथवा मोठ्या दुखण्याखेरीज बाहेर पडत नाही, आणि त्याचा भाव रोज विचारणारा मनुष्यही तो विकण्याच्या इराद्याने विचारीत नसतो. कापूस मात्र या दोहोंच्या मधोमध लोंबकळतो. तो टिकतो, परंतु अनंतकाळ टिकत नाही. त्याला भाव आहे, परंतु तो कोणत्या देशातल्या कोणत्या हालचालीने हलेल याचा नेम नाही. २०२१-२२ च्या हंगामात क्विंटलला दहा हजार रुपयांच्या वर गेलेला भाव ज्यांनी पाहिला, त्यांनी पुढल्या वर्षी तोच आकडा पुन्हा दिसेल या भरवशावर माजघरे आणि ओसऱ्या कापसाने आढ्यापर्यंत भरून ठेवल्या. पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली, बायकांना निजायला जागा उरली नाही, आणि उन्हाळा सरता सरता, जेव्हा बियाण्याखतासाठी रोकड लागली, तेव्हा सात-साडेसात हजारांच्या आसपास जो भाव मिळेल तो निमूटपणे घ्यावा लागला.

भुसावळच्या रेल्वेतून, वरणगावच्या आयुधनिर्माणीतून, दीपनगरच्या वीजकेंद्रातून किंवा धुळ्या-जळगावच्या शाळा-कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्या मंडळींनी भविष्यनिर्वाह निधीच्या, ग्रॅच्युइटीच्या अथवा पेन्शनचा काही अंश विकून आलेल्या रकमेतून म्युच्युअल फंडांची जी युनिटे घेऊन ठेवली आहेत, ती माझ्या मते याच कापसाच्या जातीची चीज आहे. आणि ‘ठेवावीत की मोडावीत’ म्हणून त्यांच्यापायी घराघरांत जो घोळ चाललेला दिसतो, त्याचे मूळ एवढेच की बाजार चढत असताना आपण त्यांना सोने समजतो आणि बाजार पडू लागला की केळी समजतो.

युनिट ही वस्तू मुळात गूढ नाही. पुष्कळांनी थोडी थोडी रक्कम एकत्र करावयाची, जाणकारांच्या हस्ते तिचे शेअर व कर्जरोखे घ्यावयाचे, आणि त्या सामायिक मिळकतीतला आपला हिस्सा युनिटांच्या संख्येने मोजावयाचा. मिळकतीची आजची बाजारातली किंमत घेऊन, देणी वजा करून, तिला एकंदर युनिटांनी भागले की जो आकडा येतो तो ‘एनएव्ही’. आज हा आकडा दर कामकाजाच्या दिवशी जाहीर होतो, आणि ज्याला तो ठाऊक आहे त्याला आपण काय ठेवीत आहोत आणि काय विकीत आहोत हे ठाऊक आहे. एवढी साधी गोष्ट या देशातल्या सर्वांत मोठ्या युनिट योजनेच्या धारकांना सदतीस वर्षे माहीत नव्हती, हे आता सांगूनही तरुणांना खरे वाटत नाही.

१९६३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाचे आरंभीचे भांडवल पाच कोटींचे होते आणि त्यातला निम्मा वाटा रिझर्व्ह बँकेचा होता. १ जुलै १९६४ रोजी या संस्थेने दहा रुपये दर्शनी किमतीचे जे युनिट विक्रीस काढले त्याचे नाव ‘युनिट स्कीम १९६४’, म्हणजेच पुढे घरोघर ज्ञात झालेली यूएस-६४. कारकून, शिक्षक, गार्ड, तलाठी अशा, शेअरबाजार हा शब्द जुगाराच्या शेजारी ठेवणाऱ्या वर्गाला गुंतवणुकीच्या उंबरठ्याच्या आत आणण्याचे श्रेय निःसंशय या योजनेचे. कारण तिच्या मागे सरकार उभे आहे ही समजूत सार्वत्रिक होती, लाभांश वर्षामागून वर्ष बिनचूक येत होता, आणि नव्वदीच्या दशकाच्या पूर्वार्धात तर तो दर्शनी किमतीच्या २६ टक्क्यांपर्यंत जाऊन पोहोचला होता. परंतु तिची खरेदी-विक्रीची किंमत मिळकतीच्या बाजारभावावरून ठरत नसे. ती संस्थाच ठरवीत असे. जुलै महिन्यात ती सर्वांत कमी ठेवावयाची, पुढे महिन्यागणिक काही पैशांनी वाढवीत न्यावयाची, असा रिवाज होता, आणि या संथ, आज्ञाधारक चढणीकडे पाहून लोकांना वाटे की ही बँकेतल्या ठेवीचीच एक सुधारलेली आवृत्ती आहे. आत मात्र हळूहळू कर्जरोख्यांची जागा शेअर घेत होते. वर शांत दिसणाऱ्या पाण्याखाली बाजाराचा प्रवाह वाहत होता, आणि १९९८ साली योजनेचा राखीव निधी उणे १,०९८ कोटी असल्याचे जेव्हा उघड झाले तेव्हा प्रथमच अनेकांच्या पायाला तो लागला. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, सरकारने मदतीचा हात दिला, लाभांश उतरला. तरीही बहुसंख्य लहान धारक जागचे हलले नाहीत.

मग २ जुलै २००१ चा दिवस उजाडला आणि यूएस-६४ ची खरेदी-विक्री सहा महिने स्थगित झाल्याची घोषणा झाली. त्याच्या आधीच्या महिन्यांत मोठमोठ्या कंपन्यांनी आपली रक्कम हजारो कोटींनी काढून घेतली होती, ही गोष्ट नंतर संयुक्त संसदीय समितीच्या चौकशीत आली. ज्यांना आतली खबर होती ते केळी समजून विकून मोकळे झाले, आणि ज्यांना नव्हती ते सोने समजून बसले. युनिट ट्रस्टच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले आणि त्याच महिन्यात त्यांना अटकही झाली. सरकारने लहान धारकांसाठी सवड काढली ती अशी, की ३,००० युनिटांपर्यंत ऑगस्टपासून दहा रुपये दराने परतफेड मिळेल आणि तो दर महिन्याला दहा पैशांनी वाढत जाईल. पुढे ही हमी विस्तारली आणि मे २००३ अखेर ५,००० युनिटांपर्यंत १२ रुपये व त्यावरील युनिटांना १० रुपये, असे ठरले. दरम्यान जानेवारी २००२ पासून खरी एनएव्ही जाहीर होऊ लागली आणि चौदा रुपयांच्या आसपास घेतलेल्या कागदाची वास्तविक किंमत सहा रुपयांहूनही कमी आहे, हे निवृत्त माणसाने सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रात वाचले.

‘ठेवू की मोडू’ या प्रश्नाचे उत्तर किती निरनिराळ्या मार्गांनी चुकू किंवा बरोबर येऊ शकते, हे त्यानंतरच्या दोन वर्षांत जितके स्पष्ट दिसले तितके पूर्वी किंवा नंतर क्वचितच दिसले असेल. हमीची मर्यादा ओलांडून ज्यांच्याजवळ युनिटे होती आणि ज्यांनी भीतीपोटी ती मिळेल त्या एनएव्हीने फुंकून टाकली, त्यांनी, केवळ सव्वा वर्ष थांबले असते तर निश्चितपणे मिळणारे दहा रुपये सोडून दिले. इथे घाबरणे महागात पडले, आणि तेही बाजाराच्या अनिश्चिततेमुळे नव्हे, तर सरकारी अधिसूचना नीट न वाचल्यामुळे. २००३ च्या मे अखेर ज्यांना परतफेड मिळावयाची होती त्यांच्यापुढे आणखी एक पर्याय आला : रोकड घ्या, अथवा ६.७५ टक्के करमुक्त व्याजाचे पाच वर्षांचे रोखे घ्या. ज्यांनी रोखे घेतले त्यांना पुढील काळात पुष्कळांनी वेड्यात काढले, कारण २००३ च्या वसंतात तीन हजारांच्या आसपास रेंगाळणारा सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांना भिडला. परंतु मला विचाराल तर त्या पेन्शनरांचे काहीही चुकले नाही. एकदा पाय भाजलेल्या, वयाची साठी उलटलेल्या आणि दरमहा किराण्याचे बिल चुकते करावे लागणाऱ्या मनुष्याने खात्रीचे व्याज पत्करले, यात शहाणपणाची उणीव शोधणे म्हणजे निकाल पाहून परीक्षेची उत्तरे लिहिण्यासारखे आहे. शिवाय ते रोखे २००८ च्या जूनमध्ये परत मिळाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सेन्सेक्स जानेवारीच्या निम्म्याहूनही खाली गेला होता, ही तळटीप हसणाऱ्यांनी वाचलेली नसते.

यातली खरी गंमत पुढे आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये जुन्या संस्थेचे दोन तुकडे करण्यात आले; हमी दिलेल्या योजना आणि त्यांची मिळकत सरकारने आपल्याकडे ठेवली, आणि त्या मिळकतीत आयटीसी, लार्सन अँड टुब्रो व युनिट ट्रस्टनेच उभ्या केलेल्या बँकेचे, म्हणजे आजच्या अॅक्सिस बँकेचे, शेअर होते. त्यातला अॅक्सिसचा केवळ एक हिस्सा सरकारने २०१४ साली विकला तेव्हा पाच हजार कोटींहून अधिक रक्कम तिजोरीत जमा झाली. ज्या पोतडीकडे पाहून लोक पळत होते तीच पोतडी दहा वर्षांनी अशी भरभरून निघाली. तेव्हा ‘ठेवणाराच जिंकतो’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो काढू नये. सरकार ठेवू शकले, कारण सरकारला पोट नसते; त्याला दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दूधवाल्याचा हिशेब करावा लागत नाही, त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया व्हावयाची नसते, आणि त्याचे वय सत्तर होत नाही. माल तोच, बाजार तोच. ज्याच्या घरात तो माल पडला आहे त्याची गरज निराळी, म्हणून उत्तर निराळे.

ठेवण्याच्या पुण्याची जी कथा खानदेशात सर्वतोमुखी आहे ती अमळनेरची. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी त्या गावाशी निगडित वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली. १९६६ साली त्यांच्या निधनानंतर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी परदेशातले शिक्षण अर्धवट सोडून आले. आणि तुपासाबणाच्या त्या कंपनीची पुढे विप्रो झाली. अमळनेरातल्या ज्या कुटुंबांनी तिचे मूठभर शेअर पिढ्यानपिढ्या ट्रंकेत राहू दिले त्यांच्या घरी बक्षीस शेअरांमागून बक्षीस शेअर येत जाऊन संपत्तीच्या राशी झाल्या, हे खरे आहे आणि गावाला त्याचा अभिमान वाटणे रास्त आहे. पण याच गावात प्रताप मिल होती. विसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिलेली, जिच्या भोंग्यावर गावाची घड्याळे लागत, जिच्या मालकाने शाळेला आश्रय दिला आणि १९१६ साली तत्त्वज्ञानाचे अभ्यासकेंद्रही स्थापन केले, ती गिरणी १९४५ साली त्या नवख्या तुपाच्या कारखान्यापेक्षा कोणत्याही सुज्ञ माणसाला अधिक भक्कम वाटली असती. तिचा भोंगा पुढे कायमचा थांबला. मायावादाची चिकित्सा करणारी संस्था ज्या गावात शंभर वर्षे नांदते, त्या गावाने तरी ट्रंकेतला कोणता कागद सत्य आणि कोणता मिथ्या हे आधी ओळखावे असे कोणी म्हणेल. पण ते ओळखता येत नाही म्हणूनच तर शंभर कंपन्यांचे लहान लहान तुकडे एकत्र बांधणारी युनिटाची कल्पना निघाली. त्यामुळे एका कंपनीच्या शेअरावरून युनिटांना लावलेला ‘कधीच विकू नये’ हा दंडक मुळातच गैरलागू आहे.

आता प्रत्यक्ष निर्णयाकडे येतो. धारकाचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो : ‘मी पन्नास रुपयांनी घेतले, आज त्रेचाळीस आहे, निदान मुद्दल तरी निघू द्या, मग काढतो.’ हा प्रश्नच चुकीच्या दारावर ठोठावलेला आहे. तुम्ही काय दराने घेतले हे बाजाराला माहीत नाही आणि त्याची त्याला पर्वाही नाही. पन्नास हा आकडा फक्त आयकराच्या हिशेबात उपयोगी पडतो, एरवी तो मनातला एक खिळा आहे. त्याऐवजी असे विचारावे की आज ही युनिटे मोडून सारी रोकड टेबलावर ठेवली, तर त्या रोकडीतून उद्या सकाळी हीच योजना पुन्हा घ्याल काय? उत्तर ‘घेईन’ असेल तर भाव त्रेचाळीस असो की तेहेतीस, विकण्याचे कारण नाही. आणि ‘छे, मुळीच नाही’ असे असेल, तर मुद्दल निघेपर्यंत थांबणे म्हणजे नकोशा पाहुण्याला तो स्वतः उठेपर्यंत जेवू घालणे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा, आणि तो युनिटांविषयी नसून वर्षांविषयी आहे : ही रक्कम कोणत्या साली लागणार? बाजार पडण्याने निवृत्त माणसाचे नुकसान कसे होते हे एका उदाहरणाने पाहा. तुम्हाला पेन्शनच्या वर दरमहा दहा हजार लागतात आणि एनएव्ही पन्नास आहे. तेव्हा दोनशे युनिटे मोडावी लागतील. एनएव्ही पंचवीस झाली की त्याच दहा हजारांसाठी चारशे मोडावी लागतील, आणि मग बाजार पुढे कितीही चढला तरी ती जादा मोडलेली दोनशे युनिटे त्या चढणीत तुमच्याबरोबर नसतील. नोकरीत असताना पडता बाजार हा स्वस्त खरेदीचा योग असतो. निवृत्तीनंतर तोच बियाणे खाण्याचा प्रसंग होतो. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स जानेवारीतल्या सुमारे ४२ हजारांवरून २६ हजारांखाली आला आणि नोव्हेंबरपर्यंत पूर्ववत झाला. पण हे आठ महिने ज्याला घरखर्चाची अन्य तजवीज होती त्यालाच पूर्ववत झाले. आणि दर वेळी आठ महिन्यांत भागेल असेही नाही. जानेवारी २००८ ची उंची कायमची मागे टाकण्यास २०१४ चे वर्ष उजाडावे लागले.

म्हणून माझे स्वतःचे मत असे, की पुढील पाच वर्षांत जी रक्कम निश्चितपणे खर्चावयाची आहे ती शेअरांच्या योजनेत ठेवू नये. बाजार चढता असताना, टप्प्याटप्प्याने, ती काढून सुरक्षित ठिकाणी न्यावी. पोस्टातली आणि बँकांतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना याकामी उपयोगी आहे. एप्रिल २०२३ पासून तिची कमाल मर्यादा ३० लाख आणि दर ८.२ टक्के झाला, आणि व्याज दर तिमाहीस हाती येते. पाच वर्षांच्या पलीकडची, विशेषतः दहा-पंधरा वर्षांनी लागणारी रक्कम मात्र खुशाल युनिटांत राहू द्यावी, कारण साठीत निवृत्त झालेल्या जोडप्यापैकी एकाला तरी पुढे पंचवीस वर्षे महागाईशी झुंजावयाचे असते, आणि केवळ व्याजावर ती झुंज जिंकता येत नाही. कापसाचेच पाहा : बियाण्याखताच्या, सालदाराच्या आणि घरखर्चाच्या पैशाची बेगमी होईल इतका माल वेळेवर विकून मग उरलेला ज्याने ठेवला, त्याला भाव न मिळाल्याचे दुःख होते; त्याचे घर बुडत नाही.

मोडताना एकदम मोडण्याची गरज नसते, हे पुष्कळांना कोणी सांगत नाही. ठरावीक रक्कम दरमहा आपोआप बँकखात्यात येईल अशी ‘एसडब्ल्यूपी’ची सोय जवळजवळ सर्व योजनांत आहे. शेअरांच्या योजनेतील युनिटे वर्षाहून अधिक काळ बाळगली असतील तर जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही आणि त्यावरील नफ्यावर साडेबारा टक्के आहे. तेव्हा काही युनिटे मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये मोडली तर ही सवलत दोनदा मिळते. मुदतीआधी काढल्यास काही योजना ‘एक्झिट लोड’ कापतात, तेवढी तारीख पाहून घ्यावी. आणि लाभांशाला भुलू नये. लाभांश मिळाला की तेवढ्याने एनएव्ही खाली येते. ती तुमच्याच खिशातून काढून तुमच्याच दुसऱ्या खिशात टाकलेली, आणि वर कर लागणारी रक्कम आहे. एप्रिल २०२१ पासून सेबीने त्या पर्यायाचे नावच बदलून त्यात भांडवल काढून घेतल्याचा उल्लेख सक्तीचा केला. यूएस-६४ च्या काळी हे नाव असते तर कित्येकांचे डोळे वेळीच उघडले असते.

मोडलेली रक्कम कोठे न्यावयाची याचाही निवाडा त्याच बैठकीत व्हावा, कारण युनिटांच्या चढउताराला कंटाळून ‘ठेव’ या एका शब्दाच्या विश्वासावर धावणाऱ्यांनी याच जिल्ह्यात फार मोठी किंमत दिली आहे. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी बहुराज्य पतसंस्थेतील ठेवी अडकल्या, २०१५ मध्ये तिच्यावर अवसायक नेमावा लागला, आणि त्या ठेवीदारांत निवृत्तांचा भरणा मोठा होता. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. युनिटाची किंमत रोज हलते हा तिचा दोष खरा, पण ती हलताना दिसते हा गुणही आहे.

सल्ला देणाऱ्याचे हितही कोठे आहे ते पाहावे. ‘ही योजना काढा, ही नवी घ्या’ असे जो दर वर्षी सांगतो, त्याला नव्या योजनेवर काय दलाली मिळते हे त्यालाच स्वच्छ विचारावे. प्रामाणिक मनुष्य रागावत नाही. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा दलालीविरहित ‘डायरेक्ट’ प्रकारही उपलब्ध आहे.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे जुने साल संपते, नवे ठरते आणि मागचे हिशेब चुकते होतात. येत्या आखाजीच्या आत, ज्यांच्या नावावर अशी युनिटे आहेत त्यांनी सर्व फंडांचा एकत्रित खातेउतारा मागवून घ्यावा, एका साध्या कागदावर प्रत्येक योजनेपुढे ती रक्कम कोणत्या साली व कशासाठी लागणार हे लिहावे, जिच्यापुढे काहीच लिहिता येत नाही ती आधी तपासावी, प्रत्येक खात्यावर वारसाचे नाव नोंदले आहे की नाही ते पाहावे, आणि हा कागद, कृपा करून, कपाटात कुलूपबंद न करता पत्नीला अथवा पतीला वाचून दाखवावा.